पॅड प्रिंटिंग मशिनवर टाकलं म्हणजे प्रश्न सुटत नाही

प्लास्टिकच्या छोट्या वैद्यकीय भागांवरच्या छपाईबद्दल एक मजकूर या धंद्यातल्या लोकांमध्ये बराच फिरतोय. त्यातला दावा थोडक्यात असा: पॅड प्रिंटिंग (कोरलेल्या प्लेटवरची शाई सिलिकॉनच्या मऊ पॅडने उचलून भागावर उतरवणं) म्हणजे शेवटी शिक्का मारणं. हाताने मारला तर चुका होतात. ऑटोमॅटिक मशिन लावलं की प्रत्येक छाप सारखा येतो, चुकार भाग कॅमेरा बाहेर काढतो, शाई ‘मेडिकल ग्रेड’ घेतली की रुग्णाला धोका नाही, टेप लावून ओढली आणि छाप निघाला नाही की काम पक्कं. शिवाय एकदा व्हॅलिडेशन झालं, म्हणजे प्रक्रिया नीट चालते हे चाचण्यांनी सिद्ध झालं, की पुन्हा बघायची गरज नाही, आणि एवढंही नको असेल तर सरळ लेसरने खूण उमटवणारं मशिन घ्या.

मी ऑटोमेशनच्या विरोधात नाही. हजारो भाग हाताने छापणं मला तरी मान्य होणार नाही. पण या मजकुरावर विसंबून कोणी लाइन उभी केली, तर पुसलेल्या आकड्यांचे भाग शेवटी नर्सच्या किंवा रुग्णाच्या हातात जातील. जगात इन्सुलिन मुख्यतः एका मिलीलीटरला ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन तीव्रतांमध्ये वापरलं जातं, आणि दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या असतात. सिरिंजवरची खूण वाचता आली नाही आणि अदलाबदल झाली, तर डोस अडीचपट चुकू शकतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“मशिन प्रत्येक छाप सारखा देतं.” मशिन प्रत्येक हालचाल सारखी करतं. छाप मात्र हालचालीवर कमी आणि सॉल्व्हंट, म्हणजे शाई पातळ ठेवणारा द्रव, उडण्यावर जास्त ठरतो. क्लिशेवर, म्हणजे कोरलेल्या प्लेटवर, आकडा साधारण २० ते २५ मायक्रॉन खोल असतो. शाईने भरलेला कप त्यावरून सरकतो आणि त्याची कड जादा शाई निपटून नेते. खाचेतल्या शाईचा वरचा थर उघडा पडतो, सॉल्व्हंट उडतो, थर चिकट होतो, म्हणूनच तो सिलिकॉनच्या पॅडला धरतो. पॅड भागापर्यंत पोचेतो शाईची दुसरी बाजू चिकट झालेली असते, म्हणून ती पॅड सोडून प्लास्टिकला बसते. हा सगळा खेळ काही सेकंदांचा. सायकल टाइम, म्हणजे एका छापाला लागणारा वेळ, तोच ठेवला आणि दुपारी खोली तापली, तर शाई पॅडवरच सुकते आणि आकडा अर्धाच उतरतो. हवा फार कोरडी झाली तर स्टॅटिक (स्थिर वीजभार) वाढतो आणि अक्षरांच्या कडेला शाईचे बारीक केस फुटतात. तापमान आणि आर्द्रता राखलेली खोली नसेल, तर महागडं मशिन या चुका फक्त वेगाने करेल.

त्यात वैद्यकीय भागांना बहुतेक वेळा दोन घटकांची शाई लागते. हार्डनर, म्हणजे शाई घट्ट करणारा दुसरा घटक, मिसळला की शाईचं आयुष्य काही तासांचं उरतं. त्यानंतर ती कपात पातळ दिसते, छापही सुंदर येतो, पण प्लास्टिकला धरण्याची ताकद कमी झालेली असते. थिनर टाकून ती ताकद परत येत नाही. कपात शाई किती वाजता भरली हे नोंदवायची आणि वेळ संपली की लाइन थांबवायची शिस्त माणसालाच बसवावी लागते. मशिनमध्ये तसा टायमर टाकता येतो, आणि टाकावाच.

पृष्ठभागाचं प्रकरण तर याहून मोठं. पॉलीप्रॉपिलीन या प्लास्टिकची पृष्ठ-ऊर्जा (ती जितकी जास्त, तितका द्रव पृष्ठभागावर नीट पसरतो) साधारण ३० डाइन प्रति सेंटिमीटर असते. शाई नीट पसरून धरायला सहसा ३८-४० च्या वर लागते. म्हणून आधी पृष्ठभागावर फ्लेम (ज्योत), कोरोना (विजेचा विसर्ग) किंवा प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) प्रक्रिया करतात. पण तिचा परिणाम ओसरत जातो. प्लास्टिकमधले स्लिप अॅडिटिव्ह (ते घसरतं राहावं म्हणून घातलेले पदार्थ) हळूहळू वर येतात आणि प्रक्रिया केलेला पृष्ठभाग झाकून टाकतात. आज प्रक्रिया केलेले भाग आठवडाभर पेटीत ठेवून छापले, तर ते वेगळेच भाग असतात. भाग सहज सुटावा म्हणून मोल्डवर कोणी सिलिकॉनचा रिलीज स्प्रे मारला असेल तर विषयच संपला. याउलट पॉलीकार्बोनेटला शाई सहज धरते, पण मोल्डिंगचा ताण आत राहिला असेल तर शाईतल्या तीव्र सॉल्व्हंटने त्याला बारीक तडे जाऊ शकतात. लुअर जोडावर, म्हणजे सिरिंजला सुई किंवा नळी बसते तिथे, असा तडा गेला तर गळती होते.

“कॅमेरा चुका पकडतो.” पकडतो: छाप आहे का, सरकलाय का, तुटलाय का, फिका आहे का. हे काम तो माणसाच्या डोळ्यांपेक्षा चांगलं करतो, कारण तो थकत नाही. पण शाई धरली आहे का, हे त्याला दिसत नाही. आणि एक गोष्ट माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे: कॅमेरा छाप मूळ चित्राशी ताडून बघतो, द्रवाच्या मापाशी नाही. मोजमापाच्या नळीत आकारमान आतल्या व्यासाच्या वर्गाबरोबर बदलतं. मोल्डिंगमध्ये व्यास १ टक्का वाढला, तर त्याच रेघेपर्यंत सुमारे २ टक्के जास्त द्रव मावतो. रेघा अगदी जागेवर, कॅमेरा हिरवा, आणि माप चुकीचं. म्हणून छपाईची तपासणी मोल्डिंगच्या मापांपासून तोडून चालत नाही.

“शाई मेडिकल ग्रेड आहे.” हे शब्द डब्यावर असणं चांगलंच आहे, पण प्रमाणपत्र शाईचं असतं, तुमच्या भागाचं नाही. आयएसओ १०९९३-१ हे आंतरराष्ट्रीय मानक जैविक सुरक्षिततेचं मूल्यमापन तयार उपकरणाचं करायला सांगतं. शरीराशी संपर्क कुठे आणि किती काळ, २४ तासांपर्यंत, ३० दिवसांपर्यंत की त्याहून जास्त, यावर ते बेततं. तीच शाई तुम्ही वेगळ्या थिनरने पातळ केली, हार्डनरचं प्रमाण अंदाजे घातलं, नीट सुकवली नाही, तर डब्यावरची चाचणी तुमच्या भागाला लागू राहत नाही.

“टेप चाचणी पास झाली.” कधी घेतली? दोन घटकांची शाई हाताला तासाभरात कोरडी लागते, पण पूर्ण घट्ट व्हायला साध्या तापमानाला काही दिवस लागतात. ताजी चाचणी पास होऊन नंतर छाप सुटू शकतो आणि उलटही घडू शकतं. शिवाय आयएसओ २४०९ ची चौकटी कापायची पद्धत रंगाच्या थरासाठी आहे. मिलीमीटरभर उंचीच्या आकड्यावर सहा उभ्या, सहा आडव्या रेघा मारणार कुठे? तिथे छापावर थेट टेप ओढावी लागते, आणि ती किती दाबायची, कोणत्या कोनात ओढायची हे लिहून ठरवावं लागतं. मुख्य म्हणजे चाचणी निर्जंतुकीकरणानंतर घ्या: एथिलीन ऑक्साइड, गॅमा किरण किंवा १२१ अंशांची वाफ, भागाला जे लागणार असेल ते. त्यानंतर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बघा. वापरणारा तेच करणार आहे.

लेसरबद्दल थोडक्यात. शाई नाही, सुकवणं नाही, हे खरे फायदे आहेत. पण कित्येक पारदर्शक प्लास्टिकांवर खूण उमटायला कच्च्या मालात खास अॅडिटिव्ह लागतं, मग जैविक मूल्यमापनात तेही धरावं लागतं. रंगावरून आकार ओळखायचा असेल तर लेसरने भागत नाही.

राहिलं “एकदा व्हॅलिडेशन झालं की झालं”. व्हॅलिडेशन त्या वेळच्या मालाचं आणि सेटिंगचं असतं. रेझिनचा (कच्च्या प्लास्टिकचा) पुरवठादार बदलला, पॅडची कठीणता बदलली, क्लिशे झिजली, काळ्याऐवजी निळी शाई आली, तर काय पुन्हा तपासायचं हे आधीच लिहिलेलं हवं. ‘फक्त रंग बदललाय’ असं सहज म्हटलं जातं. रंग बदलला म्हणजे पिगमेंट (रंगद्रव्य) बदललं, आणि पिगमेंटबरोबर शाईचं सुकणं, झाकण्याची ताकद आणि रासायनिक घटक तिन्ही बदलू शकतात.