उष्टं कोण खाणार?

डोंगरात पळणाऱ्या व्हीगन माणसानं, म्हणजे मांस-अंडी तर नाहीच, पण दूध-दही-तूपही न खाणाऱ्यानं, जन्म घ्यावा तो महाराष्ट्रातच. भाकरी-ठेचा, झुणका, मटकीची उसळ, राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, कोकम सरबत; यातल्या कशालाही दुधाचा थेंब लागत नाही. 100 ग्रॅम शेंगदाण्यात 25 ग्रॅम प्रथिनं. नाचणीत तर तेवढ्याच दुधाच्या दुपटीहून जास्त कॅल्शियम. लोक ताकदीसाठी महागड्या एनर्जी जेलच्या पुड्या चोखत पळतात, ते काम माझ्या खिशातला गुळाचा खडा आणि चिमूटभर मीठ करतं. म्हणून सिंहगड-राजगड-तोरणा हा सुमारे 50 किलोमीटरचा पल्ला पळायचं ठरवलं, तेव्हा मी निर्धास्तपणे आहाराचा तक्ता करून फ्रिजवर चिकटवला. त्यात एकच रकाना नव्हता. लेकीच्या उष्ट्याचा.

ज्यांना मुलं नाहीत त्यांच्यासाठी सांगते. पाच वर्षांचं मूल जेवत नाही. ते अन्न वाढून घेतं, त्याची सरकारी पाहणी करतं आणि उठून जातं. ताटात उरतं ते आईचं. पिढ्यान्‌पिढ्या हे असंच चालत आलंय. पण लेक व्हीगन नाही. तिनं काय खायचं ते तिनं मोठी झाल्यावर ठरवावं, असा माझा आणि नवऱ्याचा तह आहे, आणि साक्षीदार म्हणून त्यावर सासूबाईंची न मागता मिळालेली सही आहे. त्यामुळे ताटात उरतो तो तूप-मेतकूट-भात, चीज लावलेली अर्धी पोळी, दह्यात कालवून सोडून दिलेले पोहे. टाकावं तर अन्न हे पूर्णब्रह्म. खावं तर माझं व्रत मोडतं. फ्रिजमध्ये ठेवावं तर संध्याकाळी ती वाटी नेमकी सासूबाईंना सापडते.

मग ते नवरा खातो. आधी स्वतःचं जेवतो, मग माझ्या वाट्याचं उष्टं. मी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर पळून जितकं उतरवते, तितकं घरी त्याच्यावर चढतं. कुटुंबाचं एकूण वजन कायम आहे.

सासूबाईंची बाजूही सांगायला हवी. त्यांच्या लेखी दूध म्हणजे दूध, दही म्हणजे दही, पण तूप हा मुळी वेगळा पदार्थच नाही. तो वरणभाताचा अवयव आहे. "अगं, पण घरी कढवलेलं आहे," हे त्यांचं शेवटचं हत्यार. व्हीगन हा त्यांना एखादा लांबलेला उपास वाटतो, त्यामुळे "सोडणार कधी?" असं अधूनमधून मायेनं विचारतात. डोंगरात पळण्याला मात्र त्यांची हरकत नाही. "पळायचं तर पळ, पण दूध पिऊन पळ." वनस्पतींत बी-12 नसतं, म्हणून मी त्याची गोळी घेते, हे कळल्यावर तर त्यांची खटला जिंकल्याची खात्रीच पटली. पुढे घरात सगळ्यांच्या रक्ततपासण्या झाल्या. माझं बी-12 ठणठणीत, आणि रोज वाटीभर दही खाणाऱ्या सासूबाईंचं कमी. आता त्याही तीच गोळी घेतात. दुधाबरोबर.

नवरा मला हुरूप यावा म्हणून स्कॉट ज्युरेकचं उदाहरण देतो. कॅलिफोर्नियातली वेस्टर्न स्टेट्स ही 100 मैलांची डोंगरी शर्यत तो 1999 ते 2005 अशी सलग सात वर्षं जिंकला, तेही व्हीगन राहून. मोठाच माणूस, वादच नाही. पण मी शोधून काढलं, त्या सात वर्षांत त्याला मूलबाळ नव्हतं. ऊन, चढ, रात्रीचा अंधार हे सगळं मान्य. पण "आई, झालीऽऽ" अशी हाक त्याला कुठल्या चढावर आली असेल? माझा सगळ्यात अवघड टप्पा पहाटे चारला सुरू होतो आणि घराच्या दारापाशी संपतो. कडी न वाजवता तो पार पडला, तर पुढे तोरण्याचा चढसुद्धा विश्रांतीसारखा वाटतो.

आणि उष्ट्याचं म्हणाल तर ते घरी थांबत नाही. घरात खजुराकडे ढुंकून न पाहणारी लेक माझ्या सॅकमधलं सगळं आवडीनं खाते, कारण ते आईचं असतं, लपवलेलं असतं आणि त्याला हात लावायचा नसतो. एका रविवारी कात्रज-सिंहगडच्या वाटेवर, एक टेकडी उतरून दुसरी चढायच्या आधी, पाय थरथरताहेत म्हणून सॅक उघडली. डब्यातल्या प्रत्येक लाडवाचा व्यवस्थित एकेक चावा घेतलेला. सोबतच्या पळणाऱ्या मुलानं विचारलं, "ताई, उंदीर लागलेत का?" मी काही न बोलता सगळे लाडू संपवले. निदान राजगिरा होता.

मागच्या आठवड्यात मी आतकरवाडीतून सिंहगड चढले आणि बाकीची मंडळी गाडीनं वर आली. पिठलं-भाकरी समोर आली, माझं जग सुंदर झालं. लेकीनं मडक्यातलं दही मागितलं. दोन चमचे खाल्ले, ओठांवर मिशी काढली आणि मडकं माझ्या हातात दिलं. नवरा अजून गाडी लावायला जागा शोधत होता. सासूबाई अचानक समोरच्या दरीकडे फार रस घेऊन पाहू लागल्या.

"खा की ताई," पिठलं-भाकरीवाल्या मावशी म्हणाल्या. "पळून पळून नुसत्या वाळून चाललात."

"मला चालत नाही."

"डॉक्टरांनी सांगितलंय होय?"

मी हो म्हटलं. व्हीगन समजावण्यात भाकरी गार झाली असती. नवऱ्याचा पत्ता नव्हता. शेवटी पायाशी घुटमळणाऱ्या कुत्र्यापुढे मडकं ठेवलं.

"आजीऽऽ! आईनं माझं दही कुत्र्याला दिलं!"

आजूबाजूच्या चार घोळक्यांनी माना वळवल्या. सासूबाईंनीही दरी सोडली. कुत्र्यानं मडकं चाटूनपुसून लख्ख केलं, वर आणखी आहे का म्हणून पाहिलं.

"बघ," सासूबाई म्हणाल्या, "त्याला कळतं."