पिस्ता रंगाचा ठराव

सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला निघताना मी बायकोला ठणकावून सांगितलं, "इमारतीला पिस्ता रंग? मी तिथे बसलेला असताना? शक्यच नाही!" ती पोळी लाटत म्हणाली, "बरं. येताना कोथिंबीर आणा."

दहाची सभा गणसंख्येअभावी अर्धा तास तहकूब झाली आणि साडेदहाला त्याच नऊ टाळक्यांसह, त्याच प्लास्टिकच्या खुर्च्यांवर रीतसर भरली. (तहकूब सभेला गणसंख्या लागत नाही. सहकारातली ही तरतूद माझी विशेष लाडकी.)

शेड कार्ड फिरलं. रंग थेट सरकारी दवाखान्याच्या भिंतीचा. मी घसा खाकरला, तेवढ्यात माजी अध्यक्ष म्हणाले, "डोळ्यांना गार वाटतं." झालं! डावीकडून "हो ना, गारच." उजवीकडून "धूळही दिसणार नाही." तिसऱ्या मजल्यावरचे काका कालच लिफ्टमध्ये ह्याला 'शेवाळ' म्हणाले होते. ते आज म्हणाले, "फ्रेश आहे." मी पुन्हा कार्डाकडे पाहिलं. काय सांगू, थोडं गार वाटायलाही लागलं होतं.

ह्यावर अमेरिकेत सॉलोमन अ‍ॅश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग आहे. तीनांतली कुठली रेषा नमुन्याएवढी, एवढंच सांगायचं; बालवाडीतलं पोरही सांगेल. पण खोलीत एकच जण खरा, बाकीचे पढवलेले. ते बारा वेळा एकमुखाने चुकले, आणि दर चारांतले तीन खरे जण निदान एकदा तरी त्यांच्यामागे गेले. एक जरी सोबती बरोबर बोलला, की मात्र भीड चेपायची. आमच्याकडे पढवण्याचाही खर्च नाही, आणि सोबत्याची वाट तर मीही पाहतच होतो. काकांकडे बघत.

"कुणाचा विरोध?" सचिवांनी विचारलं. पंखा कुरकुरला, बाकी कुणी नाही. "मग अनुमोदक म्हणून तुमचं नाव घालू?"

"घाला की," मी म्हणालो. हो, मीच!

जिन्यात काकांनी गाठलं. "कसला हो भिकार रंग! तुम्ही बोलाल म्हणून मी गप्प बसलो."

"आणि मी तुम्ही बोलाल म्हणून!"

मागून इतिवृत्ताची वही काखेत मारून सचिव उतरत होते. "मला तरी कुठे आवडलाय? म्हटलं कोणी अनुमोदन दिलं नाही, तर विषय बारगळेल. तुम्ही लगेच 'घाला' म्हणालात."

कोपऱ्यावर भाजीवाली म्हणाली, "कोथिंबीर काय नेता, आज सगळे मेथी नेतायत."

दोन जुड्या घेतल्या.