आमच्या डोंगराला ओसाड म्हणू नका

सकाळी गावाकडच्या डोंगरावर जेसीबी चढलेला बघितला, तेव्हापासून कशातच लक्ष लागेना झालंय. पायथ्याला मांडव, मांडवात फ्लेक्स, फ्लेक्सवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘ओसाड डोंगर हिरवा करूया’. मृगाचा पाऊस नुकताच होऊन गेलाय. गवत बोट-दोन बोटं वर आलंय, सगळा माळ पोपटी झालाय. त्या पोपटी माळावर उभं राहून माणसं डोंगर हिरवा करायची शपथ घेत होती आणि फोटो काढत होती.

आमच्या बालाघाटाच्या डोंगररांगेच्या माथ्यावर माती असते तरी किती? कुठं चार बोटं, कुठं वीतभर. खाली मुरूम, त्याच्याखाली काळा पाषाण. त्या वीतभर मातीला गवताच्या मुळ्यांनी पिढ्यान् पिढ्या धरून ठेवलंय. पाणी मुरवायला चर खणताना जेसीबीच्या बकेटने ती ओरबाडून काढली, खालचा मुरूम वर आणला आणि शेजारच्या कोवळ्या गवतावर ओतला. आता त्या चरांच्या कडेने ग्लिरिसिडिया लावणार, म्हणजे परदेशातून आलेली, झटपट वाढणारी झाडं. पिशव्या रचून तयार होत्या, भोवतीनं मारायच्या तारेची भेंडोळीही येऊन पडली होती.

चरांनी पाणी मुरतं, हे मान्य. जिथं माळ आधीच उघडा पडलाय, घळी पडल्यात, तिथं मारा की. धड गवत असलेल्या जागी कशाला?

तिथंच अलीकडे एक मेंढका कळप अडवून उभा होता. म्हातारा माणूस, खांद्यावर घोंगडं, काखेत दोन दिवसांचं कोकरू. मला म्हणाला, “ताई, आता कुठं न्यावं सांगा. खाली समदं सोयाबीन, वर हे असं करायलेत.” मांडवातल्या एकानंही त्याला विचारलं नव्हतं की बाबा, तू इथं किती वर्षांपासून येतोस. उलट एक पोरगा ओरडला, “ए, मेंढरं मागं घे, रोपं खातील.”

मला तिथं माझे आबा आठवले. आबा म्हणजे आजोबा. गावानं डोंगर राखायला नेमलेला माणूस. तेव्हा गावात दवंडी फिरायची की मृगापासून दसऱ्यापर्यंत वरच्या माळावर कुणाचंही जनावर चढणार नाही. चढलं तर कोंडवाडा आणि दंड. पावसाळाभर जनावरं खालच्या गायरानात, ओढ्याच्या काठानं, बांधानं चरायची. फिरस्त्या धनगरांना उगवतीकडचा खडकाळ उतार ठरवून दिलेला होता. कुणालाच हाकलून लावलेलं नव्हतं, प्रत्येकाची जागा आणि वेळ ठरलेली होती.

एका वर्षी आमचाच बैल दावं तोडून वर गेला. आबांनी त्याला स्वतः हाकत खाली आणला आणि कोंडवाड्यात घातला. दुसऱ्या दिवशी खांदमळणी, तिसऱ्या दिवशी पोळा. आजी इतकी चिडली की विचारू नका. “सणाच्या तोंडावर दारचा बैल कोंडवाड्यात? लोकं काय म्हणतील?” आबा शांतपणे एवढंच म्हणाले, “गवत पोटरीत आलंय. आत्ता खाल्लं तर पुढल्या साली काय उगवंल?”

पोटरीत येणं म्हणजे तुरा बाहेर पडायच्या आधी आतल्या आत भरणं. हे ‘पोटरीत आलंय’ मी पुढं फार वेळा आठवलंय, कारण डोंगर राखायचं सगळं गणित त्यात आहे. पवन्या, मारवेल, डोंगरी, शेडा ही आपली चांगली गवतं. पावसाळ्यात ती वाढतात, पोळ्याच्या आसपास पोटरीत येतात, दसरा-दिवाळीच्या सुमाराला त्यांचं बी पिकतं आणि झडतं. बी धरायच्या आधीच दरवर्षी तोंड लागलं, तर जनावरांना गोड लागणारी गवतं आधी संपतात. मागं राहते कुसळी. कुसळीही दमली की तरवड, घाणेरी, गाजरगवत. मग कुणीतरी शहरातून येतं, बघतं आणि म्हणतं, अरेरे, किती ओसाड डोंगर!

गावानंच डोंगर ओरबाडला, हेही खरं. राखण मोडली ती बाहेरच्या कुणी मोडली नाही. पण ती मोडली म्हणून डोंगरावरचं गवतच मोडीत काढायचं का?

आणि कायमची चराईबंदी हा उपाय सांगणाऱ्यांचाही मला राग येतो. हिवरे बाजारचं उदाहरण लगेच तोंडावर येईल. तिथं चराईबंदीनं डोंगर उभा राहिला, नाकारत नाही. पण तिथंही लोकांना गवत कापून न्यायची मुभा होती, गवत हेच तिथलं पीक होतं. माळाला कुलूप लावून सोडून दिलं की जुनं वाळकं गवत साचतं, खालच्या कोंबांना ऊन मिळत नाही, आणि फाल्गुनात कुणीतरी टाकलेल्या विडीनं सगळा डोंगर पेटतो. दसऱ्यानंतर माळावर जनावर यायलाच पाहिजे. खुरानं बी मातीत दाबलं जातं, शेण-लेंड्या पडतात, जुनं खाऊन टाकलं की पुढच्या पावसात नवं जोमानं फुटतं. गवत आणि जनावर एकमेकांच्या सोबतीनं वाढलेले आहेत, त्यांची ताटातूट करून कुणाचंच भलं होत नाही.

आबा दसऱ्यानंतर डोंगर मोकळा करायच्या आधी मला घेऊन वर जायचे. मारवेलीची काडी उपटून पेर दाखवायचे. पेरावर बारीक पांढऱ्या केसांचं कडं असतं, बोट फिरवलं की मऊ लागतं. मग ती काडी चावायला द्यायचे. गोडसर लागायची. पवन्या तोवर तांबूस झालेला असायचा. त्याचा तुरा मुठीत घेऊन अलगद ओढायचा. बी हातात आलं, तर डोंगर सोडायला हरकत नाही. नाही आलं, तर अजून आठवडाभर थांब. बस, एवढीच त्यांची तपासणी.

माळावर टिटवीची अंडी कशी शोधायची हेही त्यांनीच शिकवलं. शोधायची म्हणजे पाय पडू नये म्हणून. मुरुमावर मुरुमाच्याच रंगाची चार अंडी. आज जेसीबीच्या चाकाखाली काय काय गेलं असेल, मला विचारही करवत नाही. चंडोल, धाविक, लावा, सगळे जमिनीवरच घरटं करणारे. खोकड, लांडगा यांचाही हाच मुलूख. झाडी म्हणजेच निसर्ग हे आपल्या डोक्यात कुणी भरवून दिलं? माळढोकाला झाडी नको असते, मोकळा माळ लागतो. शेजारी सोलापूर जिल्ह्यात नान्नजला त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य केलं, आणि आज तिथंही तो दिसला तर बातमी होते. आपण माळ संपवले, म्हणून तो संपत आला.

पण कागदावर माळ म्हणजे ‘पडीक’. देशाच्या पडीक जमिनींचा नकाशा निघतो, त्यात आपली गवताळ रानं बसवलेली असतात. पडीक म्हटलं की ती कुणालाही द्यायला मोकळी. २०१९ साली राज्यात ३३ कोटी झाडांचं उद्दिष्ट होतं. गवताचं उद्दिष्ट कधी कुणी ठेवलंय? लातूरसारख्या जिल्ह्यात एक टक्कासुद्धा जंगल नाही म्हणून सगळे हळहळतात. त्याच जिल्ह्यानं देवणी गाय दिली, ती काय सागाच्या पानांवर मोठी झाली? नांदेडची लाल कंधारी, आमच्याकडची उस्मानाबादी शेळी, धनगरांची दख्खनी मेंढी, ही सगळी माळाची लेकरं आहेत. भूम तालुक्यातला खवा सगळीकडं जातो, कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून आपणच स्टेटस ठेवले होते ना? खवा दुधाचा होतो आणि दूध चाऱ्याचं. चारा विकत घेऊन भट्टी पेटवणाऱ्याला शेवटी काय उरतं, ते त्यालाच विचारा. आणि दुष्काळ पडला की आपण छावण्या उघडून बसतो. २०१९ मध्ये बीडला, धाराशिवला जनावरं छावणीत महिनोन् महिने उभी होती, बाहेरच्या जिल्ह्यांतला ऊस खात.

गायरानाचं म्हणाल, तर त्यावर माझ्याशी लगेच भांडायला येऊ नका. भूमिहीन दलित कुटुंबांनी गायरानं कसून पोटाला लावली, तो त्यांचा हक्क आहे, १४ एप्रिल १९९० पर्यंतची त्यांची अतिक्रमणं नियमित करायचं सरकारनंच कबूल केलंय. माझं बोट त्यांच्याकडे नाही. ज्यांच्या घरी आधीच बागायत आहे आणि तरी बांध दरवर्षी गायरानात सरकतो, त्यांच्याकडे आहे. सौरऊर्जेचे पट्टेही सरकारी जमीन म्हणून गायरानावरच येतायत. शेतकऱ्याला दिवसा वीज पाहिजे, बरोबर. पण गायरान गेलं की खालची जनावरं भर पावसाळ्यात वर चढतात, आणि वरचा डोंगर बी धरायच्या आत संपतो. आबांची पद्धत उभी होती ती खालच्या गायरानाच्या जिवावर.

म्हणून मला आबांचं आहे तसं परत आणा असं म्हणायचं नाही. तो बैलही नाही, कोंडवाडाही नाही, तिथं आता व्यायामशाळेची शेड आहे. डोंगराचे चार भाग पाडा. दरसाल पावसाळ्यात दोन भाग बंद, दोन उघडे, पुढल्या साली उलट. गावातल्या शेळ्यावाल्या बायका आणि बाहेरून येणारे धनगर, दोघांना बसवूनच हे ठरवा, नाहीतर टिकणार नाही. शेळी ही गरिबाची गाय, तिला आधी जागा द्या. जिथं गवत गेलंय तिथं मारवेलीचे ठोंब पावसात लावता येतात, पवन्या-डोंगरीचं बी दिवाळीत गोळा करून पुढल्या मृगाच्या तोंडावर शेण-मातीत मिसळून फेकता येतं. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं मारवेलीचे वाण काढलेत, पण आपल्या बांधावरची मारवेल काही वाईट नाही. घाणेरी आणि वेडी बाभूळ मुळासकट काढा. झाडं लावायचीच तर ओढ्याकाठी लावा, घळीत लावा, आणि बोर, पळस, हिवर लावा. कायद्याचंही पाठबळ आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात चराईचा आणि भटक्या पशुपालकांचा हंगामी हक्क लिहिलेला आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे कुरणांचं आणि पशुपालकांचं वर्ष जाहीर केलं, आणि आमच्याकडं त्या म्हाताऱ्याला पोरगं ‘ए’ म्हणून हाकलतं.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. मांडवातली पोरं वाईट नाहीत. उन्हात खड्डे खोदत होती, एकानं मला पाणी दिलं. त्यांना कुणी सांगितलंच नाही की पायाखाली काय आहे. त्यांच्या वयाची होते तेव्हा मला सांगणारं माणूस घरात होतं. खांदमळणीच्या दिवशी बैल कोंडवाड्यातच होता. त्या संध्याकाळी आबांनी वाटीत लोणी-हळद घेतली, पळसाची पानं घेतली, माझा हात धरला आणि आम्ही कोंडवाड्यात गेलो. तिथंच त्यांनी त्याचे खांदे मळले. “आज आवतण घ्या, उद्या जेवायला या,” असं रीतीप्रमाणं त्याच्या कानात म्हणाले. सकाळी दंड भरून, पावती घेऊन त्याला घरी आणला. आजी तरी दोन दिवस बोलली नाही. आबांना बैल जिवापाड होता, आणि डोंगरही.

तर आता कामाचं. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी ठराव मांडणार आहे. उरलेल्या माळावर चर आणि झाडं नकोत, तार नको, पाळीपाळीनं चराई ठरवावी, राखणदार नेमून त्याला पगार द्यावा. मसुदा लिहायला घेतलाय. सूचक-अनुमोदक लागतील, आणि हात वर करायला बायका जास्त याव्यात अशी इच्छा आहे, कारण वैरणीची मोळी त्यांच्याच डोक्यावर असते. त्या मेंढक्याचा मेंढरांसह मुक्काम सध्या ओढ्यापलीकडं आहे, त्यालाही बोलावणार आहे. ज्यांची रानं मोकळी आहेत त्यांनी तोवर त्याची मेंढरं बसवून घ्या, खत तुमचंच होईल. आणि कुणाच्या बांधावर मारवेल असेल तर तणनाशक मारू नका, मला फोन करा. पाऊस आहे तोवर ठोंब काढून लावून होतील.