पंधरावा भाग गाळा म्हणणाऱ्यांना

भाच्याने ‘टेन्सुरा’ (स्लाइम होऊन पुनर्जन्म घेतलेल्या रिमुरूची जपानी अॅनिमे मालिका) याचा पहिला सीझन बघायला घेतला, आणि चौदाव्या भागावरून थेट सोळाव्यावर गेला. कारण त्याच्या ग्रुपवर फिरणारी ‘काय गाळावं’ची यादी. तीत लिहिलंय की पंधरावा भाग फिलर आहे, त्यात नुसती बैठक आहे, आणि दोन लाखांची फौज घेऊन आलेल्या आणि हरलेल्या ओर्कांना (डुकरासारखे दिसणारे राक्षस) फुकटात माफ करणं हा लेखकाचा बुळेपणा आहे. हीच यादी मला आणखी दोन ठिकाणांहून आली. आता पुरे.

फिलर म्हणजे मूळ कथेत नसलेला, वेळ भरायला घातलेला भाग. ओर्क लॉर्डचं, म्हणजे ओर्कांच्या राजाचं, प्रकरण मूळ लेखक फुसे यांच्या कादंबरीमालेच्या दुसऱ्या खंडातलं आहे, युद्धानंतरच्या करारासकट. हा मुद्दा इथेच संपला.

‘फुकटात माफी’ मात्र सहज सोडून देण्यासारखी नाही, कारण भाचाही तेच बोलायला लागलाय: हरलेल्यांना संपवायला हवं होतं. अरे, आधी बघा तरी! हे ओर्क दुष्काळाने देशोधडीला लागलेले. त्यांच्या राजाने उपाशी पोरांना स्वतःचं मांस कापून खाऊ घातलं होतं. बैठकीत त्यांचा सेनापती उठतो आणि म्हणतो, माझा जीव घ्या, बाकीच्यांना सोडा. रिमुरू तो घेत नाही. उरलेत दीड लाख ओर्क. त्यांना तसंच रानात सोडलं तर पोटासाठी ते पुन्हा लुटालूटच करणार. म्हणून तो हिशेब मांडतो: लिझर्डमेननी (सरडामानवांनी) पाणी आणि मासे द्यायचे, गोब्लिन या बुटक्या राक्षसांनी राहायला जागा, रिमुरूच्या वस्तीने तयार माल. बदल्यात ओर्कांनी अंगमेहनत करायची. याला फुकट म्हणतात? आणि ज्याचं गाव ओर्कांनी बेचिराख केलं, तो रिमुरूचा साथीदार बेनिमारू तिथेच बसलेला असतो. तो भर बैठकीत सांगतो की बळी तो कान पिळी हाच आम्हा सगळ्यांचा नियम, लढायला उतरलो तेव्हाच परिणामांची तयारी होती. ज्याची माणसं मेली त्याची हरकत नाही, आणि यादीवाले सूड मागतायत.

राहता राहिला ‘नुसती बैठक’. बरं, बोलणं खूप आहे, मान्य. 2024च्या तिसऱ्या सीझनमध्ये तर बैठकांनी माझाही जीव मेटाकुटीला आला. पण या भागातली बैठक पुढच्या सगळ्या कथेचा पाया आहे. जुरा जंगलाची युती इथे होते. दीड लाख ओर्कांना रिमुरू एकेक करून नाव देतो तेही इथेच. पुढे गेल्ड (तोच सेनापती, नवं नाव मिळालेला) आणि त्याचे हाय ओर्क (नाव मिळून बलवान झालेले ओर्क) शहर बांधतात, रस्ते काढतात. त्या हातांत शस्त्रांऐवजी अवजारं कशी आली, हे या एकाच भागात दाखवलंय.