इन्सुलिनच्या सिरिंजचा तो मेसेज चुकीचा आहे

परवा आमच्या जीएनएम (नर्सिंग डिप्लोमा) बॅचच्या ग्रुपवर मीच एक मेसेज पुढे ढकलला होता, 'इन्सुलिनला कुठलीही सिरिंज चालते, फक्त युनिटचा आकडा बघा.' तो चुकीचा आहे, आणि आता कल्याणपासून अंधेरीपर्यंतच्या ग्रुपांवर फिरतोय म्हणून हा खुलासा.

आपल्याकडे इन्सुलिनच्या वायल (छोट्या बाटल्या) दोन ताकदीच्या येतात, एका मिलीत ४० युनिट नाहीतर १००. ४० वाल्याची सिरिंज लाल टोपीची, १०० वाल्याची केशरी, आणि दोन्हींवरच्या रेघा वेगळ्या. आता समजा ऑर्डर २० युनिटची, वायल १०० ची आणि हातात आली लाल टोपी, तर २० च्या रेघेपर्यंत भरलं की झालं अर्धा मिली, म्हणजे थेट ५० युनिट! शुगर धाडकन खाली. उलट झालं, म्हणजे वायल ४० ची आणि टोपी केशरी, तर २० ऐवजी ८च जातात. काल इन्चार्ज सिस्टरनी दोन्ही सिरिंज ट्रेमध्ये शेजारी ठेवून दाखवलं तेव्हा अंगावर काटाच आला. नुसत्या टोपीवर पण जाऊ नका, वायलवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळवा.

नाइटला आपण दोघी आणि पेशंट ३८, त्यात नवीन पोरीला 'जरा चेक करता का' म्हणायचीही भीती वाटते (मला अजून वाटते). तरी विचारा, इन्सुलिन दोघींनी बघूनच द्यायचं. तो मेसेज ज्यांनी पुढे पाठवलाय त्यांनी प्लीज डिलीट करा आणि त्याच ग्रुपवर हा टाका.