स्तोत्र 51 आणि जुनी पापं: एक खुलासा

‘जुनी पापं रोज आठवून रडल्याशिवाय देवाची क्षमा टिकत नाही’ असा संदेश सध्या फिरतोय. आधार दिलाय बायबलमधल्या स्तोत्र 51:3 चा (51वं स्तोत्र, 3री ओवी): माझं पाप सतत माझ्यासमोर आहे, असं दावीद राजा तिथे म्हणतो. ओळ खरी आहे, पण तिच्यातून काढलेला अर्थ चुकीचा आहे.

बथशेबा या दुसऱ्याच्या बायकोशी दावीदाने व्यभिचार केला आणि त्यावरून नाथान संदेष्ट्याने त्याला खडसावलं, तेव्हाची ही प्रार्थना. दावीद त्या ओळीपाशी थांबत नाही. 12व्या ओवीत तो तारणाचा आनंद परत मागतो. आणि बायबलच्याच 2 शमुवेल या पुस्तकातलं 12:13 पाहा. दावीद एवढंच म्हणतो की मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं, आणि नाथान तिथल्या तिथे सांगतो की परमेश्वराने तुझं पाप दूर केलं आहे. रोज रडण्याची अट कुठेच नाही. (परिणाम मात्र दावीदाला भोगावे लागले, हेही त्याच अध्यायात आहे.)

देवाची कृपा म्हणजे वाट्टेल तसं वागायची मोकळीक नव्हे. येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदाराने फसवून घेतलेलं चौपट परत देऊ केलं. कुणाचं देणं लागत असाल तर ते जरूर फेडा. पण कबूल केलेलं पाप रात्री-अपरात्री उकरून स्वतःला सोलत बसलेल्या माणसाला हा संदेश पाठवू नका, कळकळीची विनंती.