‘माळावर झाडं लावा, एकरी लाख कमवा’ या हिशेबाबद्दल

व्हॉट्सॲपवर गावोगाव फिरणारा दावा असा: पडीक माळरानावर, मोकळ्या गायरानावर झाडं लावा, कार्बन क्रेडिट (हवेतला कार्बन शोषल्याचं विकता येणारं प्रमाणपत्र) विका, एकरी वर्षाला लाख मिळतील, निसर्गही सुधारेल.

पहिला घोळ ‘पडीक’ या शिक्क्यात. सोलापूर, इंदापूर, सासवडकडच्या माळावर नांगर चालत नाही, सारा मिळत नाही, म्हणून दप्तरात ती जमीन पडीक ठरली. तिथे पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं उगवतात. लांडगा, चिंकारा तिथेच जगतात. उथळ मुरमाड मातीत आणि तुटपुंज्या पावसात दाट जंगल उभं राहत नाही. गवताचा बहुतेक कार्बन मुळांत आणि मातीत असतो, त्यामुळे वणव्यातही तो बराचसा टिकतो. लागवडीसाठी जेसीबी फिरवला की आधी तोच हवेत जाणार! माळढोकाला तर मोकळं गवतच लागतं. तरी झाडं लावल्याबद्दल क्रेडिट देणाऱ्या केंद्राच्या हरित क्रेडिट योजनेच्या फेब्रुवारी २०२४ च्या नियमांत झुडपी आणि पडीक जमीन धरली होती, आणि अट होती हेक्टरी किमान ११०० झाडांची. अशा माळावर ती पाळणं म्हणजे माळ मोडणं.

आता एकरी लाख. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. कोरडवाहू जमिनीत एकरी वर्षाला तीन टन, टनाला हजार रुपये, असं सढळ हाताने धरलं तरी होतात तीन हजार. त्यातून मोजणी, पडताळणी, मधल्या कंपनीचा वाटा जायचा. झाडं वाळली-जळली तर म्हणून काही क्रेडिट राखून ठेवायची. पैसा येतो काही वर्षांनी, खड्डे आणि टँकर मात्र आज.

‘गायरान मोकळंच आहे’ हेही खोटं. गायरान असतं ते गावाच्या चराईसाठीच; आणि वनजमिनीवरही मेंढपाळांचा चराईचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्यानेच मानलाय. कुंपण घातलं तर धनगरांचे कळप कुठे जायचे, हे त्या मेसेजात नसतं.

जैवविविधता क्रेडिट, म्हणजे निसर्ग सुधारल्याबद्दल मिळणारी क्रेडिट, सगळी फसवी, असं मात्र नाही. इंग्लंडमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून बहुतेक मोठ्या बांधकामांना आधीपेक्षा किमान १० टक्के निसर्गवाढ दाखवावी लागते, ती ३० वर्षं टिकवावी लागते, आणि तिथल्या मोजपट्टीत चांगल्या गवताळ कुरणालाही भरघोस गुण आहेत. आपल्या माळालाही पैसा हवाच आहे: वेडी बाभूळ काढायला, चराई आलटूनपालटून बंद ठेवायला, मारवेलचं बी टाकायला. झाडं मोजून पैसे देणाऱ्या योजनेत या कामांना रकानाच नाही.